तीन तिघाडा होऊ नये म्हणून : संयुक्त उपक्रमांच्या सुकाणू समित्यांना खुलं पत्र

प्रति,
शासन, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था यांच्या संयुक्त उपक्रमांच्या सुकाणू समित्यांचे सर्व सदस्य

विषय : सामंजस्य करारावर सह्या होण्याआधी ठरवायच्या गोष्टी

सप्रेम नमस्कार.

सरकारी खातं, कंपनी आणि स्वयंसेवी संस्था एका टेबलाशी बसल्या की पहिल्याच बैठकीत एकमत होतं. मुलं शाळेत टिकली पाहिजेत, पाणी स्वच्छ मिळालं पाहिजे, क्षयरुग्णाचे उपचार मध्येच सुटता कामा नयेत. याला नाही कोण म्हणेल? करार होतो, फोटो निघतो. दीड वर्षानं तोच उपक्रम भिजत घोंगड्यासारखा पडलेला असतो आणि कारण विचारलं की प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतो.

आम्ही असे करार लिहितो, त्यांचे हिशेब तपासतो आणि मोडलेल्या करारांच्या फायली वाचतो. घोडं पेंड खातं ते इच्छाशक्तीपाशी नाही, तिघांच्या मधल्या कामापाशी. खात्याचं काम करारात असतं, कंपनीचं असतं, संस्थेचं असतं. तिघांचे आकडे जुळवणं, बदलून आलेल्या अधिकाऱ्याला सगळं समजावून सांगणं, पंप बिघडला तर कोणाला कळवायचं ते ठरवणं, पैसे संपल्यावर काम कोणाच्या हाती द्यायचं ते बघणं, हे मात्र कोणाच्याच रकान्यात नसतं. त्याला ना पद असतं, ना तरतूद, ना तारीख.

मधलं काम नीट बांधलं तर काय होतं ते नदी-अंधत्वाविरुद्धच्या मोहिमेत दिसतं. काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा हा कृमिरोग आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेच्या काही भागांत माणसांची दृष्टी घेत होता. ऑक्टोबर १९८७ मध्ये मर्क या औषध कंपनीनं आयव्हरमेक्टिन फुकट देण्याचं जाहीर केलं : लागेल तेवढं आणि लागेल तोवर. या दातृत्वाचं कौतुक पुष्कळ झालं आहे, ते पुन्हा करत नाही. 'लागेल तोवर' हे दोन शब्द मात्र बघा. हे औषध शरीरातल्या प्रौढ कृमी मारत नाही, त्यांची सूक्ष्म पिल्लं मारतं. प्रौढ कृमी दहा ते पंधरा वर्षं जगतात. म्हणजे वर्षातून किमान एकदा डोस आणि तो दहा-पंधरा वर्षं न चुकता. कोणी तीन वर्षांचा प्रकल्प आखला असता तर चौथ्या वर्षी ये रे माझ्या मागल्या झालं असतं. मदतीची मुदत रोगावरून ठरली, आर्थिक वर्षावरून नाही.

दुसरी गोष्ट. औषध कोणत्या देशाला किती द्यायचं हे कंपनीनं आपल्या हातात ठेवलं नाही. १९८८ मध्ये त्यासाठी वेगळं कार्यालय आणि तज्ज्ञांची समिती उभी राहिली. अर्ज तिच्याकडे जायचे, पात्रता ती तपासायची. कंपनीच्या विक्री विभागाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तिसरी गोष्ट वाटपाची. रस्ता संपतो त्यापुढच्या गावात डॉक्टर नाही आणि वजनकाटाही नाही, तर गोळ्या मोजायच्या कशा? उपाय निघाला खुणा केलेल्या काठीचा. उंची ९० ते ११९ सेंटिमीटर असेल तर ३ मिलिग्रॅमची एक गोळी, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन, त्यापुढे चार. ९० सेंटिमीटरपेक्षा लहान मूल, गर्भवती आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातली आई यांना गोळी नाही. वाटणारा माणूस गावानंच निवडायचा, वाटपाचा महिनाही गावानंच ठरवायचा, नोंदवही त्याच्याकडे. १९९५ ते २०१५ या काळात आफ्रिकेत चाललेल्या नियंत्रण कार्यक्रमाचा कणा हाच होता. सरकारांची आरोग्य यंत्रणा, जागतिक बँकेकडे सांभाळायला दिलेला निधी, संस्थांचं प्रशिक्षण आणि कंपनीच्या गोळ्या हे सगळं त्या काठीपाशी एकत्र यायचं.

चुकलं काय, तेही सांगायला हवं. मध्य आफ्रिकेच्या काही भागांत लोआ लोआ नावाचा दुसरा कृमी असतो. तो रक्तात फार मोठ्या प्रमाणात असलेल्या काही माणसांना हीच गोळी घेतल्यावर मेंदूवर परिणाम करणारी गंभीर प्रतिक्रिया आली. तेव्हापासून तिथे आधी नकाशे काढायचे आणि मगच वाटप, असा क्रम लागला. एका प्रदेशात निर्धोक असलेली पद्धत दुसरीकडे नेताना थांबवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न आपल्या करारातही लेखी असायला हवा. कोलंबिया २०१३ मध्ये, इक्वेडोर २०१४ मध्ये, मेक्सिको २०१५ मध्ये आणि ग्वाटेमाला २०१६ मध्ये या रोगातून मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, २०२५ मध्ये. कंपनीच्या घोषणेनंतर सदतीस वर्षांनी.

आता उलट बाजू. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचं, त्या फिरण्यानं जमिनीतलं पाणी वरच्या टाकीत चढायचं, टाकीच्या बाजूंवर जाहिराती लावायच्या आणि जाहिरातींच्या पैशांतून देखभाल करायची. ही प्लेपंपची कल्पना. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि खासगी प्रतिष्ठानं यांनी मिळून तिच्यासाठी १.६४ कोटी डॉलर जाहीर केले. लक्ष्य होतं २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप. कागदावर तिघांचाही फायदा होता. मात्र एका पंपावर २,५०० माणसांचं पाणी धरलं होतं. एका ब्रिटिश वृत्तपत्रानं २००९ मध्ये गणित मांडलं, की तेवढ्या पाण्यासाठी मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल! प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तो पाळणा बायकाच हातानं ओढत होत्या. आडगावातल्या टाकीवर जाहिरात द्यायला कोणी येईना, म्हणून देखभालीचा पैसाही आला नाही. दुरुस्ती गावातल्या माणसाच्या हातची नव्हती आणि काही ठिकाणी आधीचा चालू हातपंप काढून त्या जागी हा बसवलेला होता. २०१० च्या सुमारास मूळ कार्यक्रम गुंडाळला गेला.

या फसगतीत वाईट हेतू कोणाचाच दिसत नाही. चार प्रश्न मात्र सह्यांपूर्वी कोणी विचारले नाहीत : माणशी किती लिटर, बिघडला तर कोण, सुटा भाग कुठून, आणि जुना पंप काढायचा का.

तेव्हा पहिली मागणी समन्वयकाची. २०११ मध्ये अमेरिकेत जॉन कानिया आणि मार्क क्रेमर या सल्लागारांनी सामूहिक परिणामासाठी पाच अटी मांडल्या : समान उद्दिष्ट, समान मोजमाप, परस्परपूरक कामं, सततचा संवाद आणि हे सगळं सांभाळणारी कणा-संस्था. पहिल्या चार अटी प्रत्येक सादरीकरणात असतात. पाचवीला पैसे लागतात, म्हणून ती स्लाइडवरच राहते. एखाद्या अधिकाऱ्याला 'अतिरिक्त कार्यभार' देऊन हे काम होत नाही. एक पूर्णवेळ समन्वयक, एक नोंदी आणि आकडे सांभाळणारा आणि क्षेत्र मोठं असेल तर प्रत्यक्ष जागेवर फिरणारा एक, एवढी माणसं अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर हवीत. त्यांनी उत्तर द्यायचं सुकाणू समितीला. पगार ज्याच्या खात्यातून निघतो त्याचे ते नोकर झाले, की उरलेले दोघे त्यांना खरे आकडे देणं बंद करतात.

इथे भारतातला एक गैरसमज दूर करावा लागतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. तिचा दाखला देऊन संस्थेच्या समन्वयकाचा, प्रशिक्षकाचा, अगदी पाहणीचाही खर्च कापला जातो. मुळात ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च नियमातल्या व्याख्येनं त्यातून वगळलेला आहे. नियम वाचून पाहावा, ही विनंती कंपनीच्या वित्त विभागाला विशेष करून.

पैशांच्या हप्त्यांकडे आपण जरा बारकाईनं पाहावं, कारण मैदानातली माणसं गळतात ती इथेच. नेहमीची अट अशी असते : पाच महिन्यांचा हप्ता द्यायचा आणि त्यातला ८० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आलं की पुढचा सोडायचा. ८० टक्के संपतात चौथ्या महिन्याच्या शेवटी. मग लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र, तीन आठवडे. कंपनीकडची तपासणी, तीन आठवडे. वित्त विभागाच्या सह्या, दोन आठवडे. एकूण दोन महिने. संस्थेच्या हातात मात्र उरलेला असतो एकाच महिन्याचा पैसा. म्हणजे कोणीही एक दिवससुद्धा ढिलाई केली नाही तरी दर हप्त्यागणिक एक महिना पगार थकणार, हे अटीतच लिहिलेलं आहे. दोन-तीनदा असं झालं की चांगली माणसं दुसरीकडे जातात, त्यांच्याबरोबर प्रशिक्षणाचा खर्चही जातो. उपाय साधा आहे. प्रमाणपत्र ६० टक्क्यांवर मागा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी कागद निघतो, दोन महिन्यांचा पैसा शिल्लक असतो आणि तेवढाच वेळ प्रक्रियेला लागतो.

शासनाचा वाटा बहुधा रोखीत नसतो. तो जागा, वीज, कर्मचारी, गाड्या, औषधं अशा रूपात असतो. करारात 'शासन आवश्यक ते सहकार्य करेल' असं एक वाक्य येतं आणि त्या वाक्याखाली दोन वर्षं झोपतात. त्याऐवजी पदनाम, पदांची संख्या, ती भरली जाण्याची तारीख आणि खर्च पडणारं लेखाशीर्ष लिहा. लेखाशीर्ष सापडत नसेल तर तो वाटा अस्तित्वात नाही असं समजून पुढचं नियोजन करावं. कटू आहे, पण अनुभव हाच.

सगळा निधी एकाच खात्यात ओतण्याचा मोह सुरुवातीला टाळलेला बरा. शासकीय पैशाला निविदेचे नियम लागतात, कंपनीच्या पैशाला तिच्या खरेदी विभागाचे, देणगीला देणगीदाराच्या अटी. एकत्र केले की तिन्हींचे सगळ्यांत कडक नियम प्रत्येक रुपयाला लागतात. पैसा आपापल्या खात्यात ठेवून कामाचा आराखडा मात्र एकच ठेवणं, हे निदान पहिली दोन वर्षं सोपं जातं.

मोजमापाबद्दल. एकाच उपक्रमात खातं लाभार्थी मोजतं, कंपनी खर्च आणि वाटलेल्या वस्तू मोजते, संस्था माणसांच्या जगण्यातला बदल मोजू पाहते. तिघांचे अहवाल तिघांच्या परीनं खरे असतात, पण त्यांची बेरीज होत नाही. पाच-सहापेक्षा जास्त निर्देशक नकोत. प्रत्येकाची व्याख्या एका वाक्यात हवी आणि छेद, म्हणजे एकूण कितींपैकी, ठरलेला हवा. '४०० मुली शाळेत आल्या' हे वाक्य, शाळेबाहेर एकूण किती होत्या हे माहीत नसेल तर निरुपयोगी आहे. काम सुरू होण्याआधी पायाभूत पाहणी आणि नोंदींपैकी ५ ते १० टक्के चिठ्ठ्या टाकून निवडून, नोंद न करणाऱ्या माणसाकडून फेरतपासणी. त्यात दहापैकी एकाहून अधिक नोंद चुकीची निघाली तर आख्खी वही पुन्हा.

राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात एज्युकेट गर्ल्स या संस्थेनं सरकारी शाळांबरोबर केलेलं काम यासाठी अभ्यासण्यासारखं आहे. सुरुवातीचा पैसा एका गुंतवणूकदार प्रतिष्ठानानं घातला. निकाल आला तर परतफेड दुसरं प्रतिष्ठान करणार होतं. मोजणारे तिसरेच होते. परतफेडीतला ८० टक्के भाग मुलं किती शिकली यावर, २० टक्के शाळाबाह्य मुलींच्या प्रवेशावर. दुसऱ्या वर्षाअखेर शिकण्याचा आकडा मागे होता. तो झाकला गेला नाही, कारण झाकून कोणाचाच फायदा नव्हता. शिकवण्याची पद्धत बदलली आणि तिसऱ्या वर्षी भरपाई झाली. प्रवेशाचं लक्ष्य होतं ७९ टक्के, झाले ९२. शिकण्यातली वाढ लक्ष्याच्या १६० टक्के. मात्र अशी रचना सगळीकडे डकवू नये. मोजणीचा खर्च मोठा असतो आणि शंभर-दोनशे मुलांच्या उपक्रमाला तो झेपणार नाही.

अपयशही शिस्तीत होऊ शकतं. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातल्या किशोरवयीन कैद्यांसाठी २०१२ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेनं ९६ लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं, त्यातल्या ७२ लाखांची हमी तेव्हाचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या प्रतिष्ठानानं घेतली. सुटल्यानंतर पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण किमान १० टक्क्यांनी घटलं तरच शहर कर्जाची पूर्ण परतफेड करणार होतं. स्वतंत्र मूल्यमापनात परिणाम दिसला नाही. २०१५ मध्ये कार्यक्रम थांबला, शहराला परतफेड करावी लागली नाही. कुठे थांबायचं ते आधीच लिहिलेलं होतं, म्हणून भांडण झालं नाही. आपल्यापैकी किती करारांत 'हा आकडा या तारखेपर्यंत न आल्यास उपक्रम बंद' असं कलम आहे?

इंग्लंडमधल्या पीटरबरो तुरुंगाचा २०१० मधला असाच, निकालावर परतफेडीचा प्रयोग वेगळ्याच कारणानं आवरता घ्यावा लागला. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ७.५ टक्क्यांनी घटवायचं होतं, ९ टक्क्यांनी घटलं, गुंतवणूकदारांना पैसे परत मिळाले. पण मध्येच सरकारनं देशभरासाठी पुनर्वसनाचं नवं धोरण आणलं आणि तुलनेसाठी नवा गट धरून पुढे जाणं अशक्य झालं. शासनाच्या प्रतिनिधींना म्हणून विचारायचं : आपल्याच खात्यात याच विषयावरची दुसरी योजना येऊ घातली आहे का? हे टेबलावर सांगायला कोणाला परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या.

बदल्यांचं काय करायचं? त्या होणारच. करारात व्यक्तीचं नाव नको, पदनाम हवं. समन्वयकानं चार पानांची टिपणी कायम अद्ययावत ठेवावी : काय ठरलं, काय अडलं, कोणत्या फायली कुठे, पुढच्या ९० दिवसांत कोणाची सही लागणार. नवा अधिकारी पदभार घेईल त्या आठवड्यात ती त्यांच्या हातात. कंपनीतही दायित्व विभागाचे प्रमुख बदलतात, हे विसरलं जातं. निर्णयांच्या मुदतीबद्दल एक सूचना. 'दहा दिवसांत उत्तर न आल्यास मान्यता गृहीत' हे कलम कंपन्यांना आवडतं, पण शासकीय खर्चाच्या बाबतीत ते टिकत नाही, लेखापरीक्षणात अडकतं. त्याऐवजी दहा दिवसांनी विषय आपोआप एक पायरी वर जाईल असं लिहा.

हितसंबंध. जी कंपनी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकते तिनं यंत्रांची तांत्रिक वैशिष्ट्यं ठरवणाऱ्या उपसमितीत बसू नये, पैसा तिचा असला तरी. लाभार्थींची नावं, पत्ते, आजार ही माहिती कंपनीला द्यायची नाही, गोषवारा पुरे. संस्थेनं शासनाविरुद्ध बोलण्याचा हक्क करारात गहाण टाकू नये. आणि काही उद्योगांना टेबलाशी जागाच नसते. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ५.३ आरोग्य धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवायला सांगतं.

शेवटचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा विषय हस्तांतरणाचा. २००० मध्ये सुरू झालेल्या गावी या लस-आघाडीनं पुढे सहवित्ताची जी पद्धत लावली ती कोणालाही उचलता येईल. सर्वांत गरीब देशांनाही लशीच्या एका डोसमागे २० सेंट स्वतः भरावे लागतात. रक्कम नाममात्र आहे. पण त्यासाठी देशाच्या अंदाजपत्रकात लशीची ओळ उघडावी लागते, आणि एकदा उघडलेली ओळ वाढवणं हे नवी उघडण्यापेक्षा पुष्कळ सोपं. देशाचं उत्पन्न वाढतं तसा वाटा वाढतो आणि अखेर पूर्ण किंमत देशच भरतो. आपल्या उपक्रमातही पहिल्याच वर्षी शासनानं चालू खर्चाचा अगदी ५ टक्के भाग नियमित लेखाशीर्षातून उचलावा, मग दरवर्षी वाढवत न्यावा. शेवटच्या वर्षी शंभर टक्के मागणारं पत्र पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

त्यासोबत मालमत्तेची यादी : वस्तू, बसवल्याची तारीख, हमी संपण्याची तारीख, सुटे भाग कुठे मिळतात, दुरुस्ती येणाऱ्या दोन माणसांची पदं, वर्षाचा देखभाल खर्च. ही यादी ज्या कार्यालयाकडे जाणार त्याची लेखी स्वीकृती मिळेपर्यंत खरेदीचा आदेश काढू नये. स्वीकृती द्यायला ते कार्यालय तयार नसेल तर वस्तू बसवल्यावरही ते तयार होणार नाही.

आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत कराराच्या मसुद्याआधी चार परिशिष्टं ठेवावीत, अशी आमची विनंती आहे : समन्वयाचा खर्च आणि तो कोण किती उचलणार, निर्देशकांच्या व्याख्या, हप्त्यांचं महिनावार वेळापत्रक आणि हस्तांतरणाची स्वीकृती. चारांपैकी एक जरी कोरं असेल तर सह्यांची तारीख पुढे ढकलावी, पाहुणे ठरलेले असले तरी.

कळावे,

आपले,
संयुक्त उपक्रमांचे करार लिहिणारे आणि हिशेब तपासणारे कार्यकर्ते